लाइट जाण्याआधीचे साडेपाच तास

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. त्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलची वीज एका झटक्यात गेली. रुळांवर अडकलेल्या लोकल, जनरेटरवर गेलेली रुग्णालये, बंद पडलेले सिग्नल हे सगळे देशाने दिवसभर टीव्हीवर पाहिले. त्याच तासाला मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा चालू होत्या. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाचाही तो पहिलाच दिवस होता. एक परीक्षा विद्यार्थी घरी बसून मोबाइलवर देत होते, दुसरी केंद्रांवरच्या संगणकांवर. या दोन्ही परीक्षांच्या मागे जागोजागी दोन-तीन तांत्रिक माणसे बसलेली होती, आणि त्यांच्याबद्दल कुणी फारसे लिहिले नाही.

मी तेव्हा पनवेल परिसरातल्या एका महाविद्यालयात सिस्टिम अ‍ॅनालिस्ट म्हणून नवा लागलो होतो. कराराची नोकरी. हुद्दा भारदस्त, पण काम म्हणजे लॅबमधली यंत्रे चालू ठेवणे, स्विच आणि केबली सांभाळणे, विद्यार्थ्यांच्या याद्या एक्सेलमध्ये नीट करून परीक्षेच्या पोर्टलवर चढवणे, आणि परीक्षेच्या दिवशी फोन घेणे. त्या सोमवारचा क्रम मी इथे मांडतो आहे. विजेच्या बाजूचा तपशील नंतर चौकश्यांतून आणि कंपन्यांच्या निवेदनांतून बाहेर आला. लॅबच्या बाजूचा मी पाहिलेला आहे.

त्याआधीचे सात महिने

मार्चच्या मध्यावर महाविद्यालये बंद झाली. लॅबचा मेन स्विच पाडून कुलूप लावले गेले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात विजेचे खांब आडवे झाले. काही गावांना वीज परत मिळायला आठवडेच्या आठवडे गेले. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाची परीक्षा सक्तीची केली. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग हाती महिनाभराचा वेळ घेऊन मुंबई विद्यापीठाने मार्ग काढला: बहुपर्यायी प्रश्न, पन्नास गुण, एक तास. महाविद्यालयांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक अग्रणी महाविद्यालय, आणि पेपर ऑनलाइन.

सप्टेंबरमध्ये आम्ही लॅब उघडली. उंदरांनी लॅनच्या केबली कुरतडल्या होत्या. सगळी यंत्रे एकदम चालू केली तर सहा महिन्यांचे विंडोज अपडेट एकाच वेळी उतरू लागले आणि इंटरनेटची लाइन गुदमरली. ही दुखणी दोन दिवसांत निस्तरता येतात. खरा रोग यूपीएसमध्ये होता. यूपीएसच्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या महिनोन् महिने चार्जिंगविना पडून राहिल्या की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मीटर लावला तर व्होल्टेज जवळजवळ बरोबर दिसते. भार पडला की तेच व्होल्टेज बघता बघता कोसळते. म्हणजे बॅटरी आहे, दिवा हिरवा आहे, आणि बॅकअप नाही.

बॅटऱ्यांसाठी मी टिपण लिहिले. उत्तर आले की परीक्षा विद्यार्थी घरून देणार आहेत, मग लॅबला बॅकअप कशासाठी? वर्षभर फी थकलेल्या संस्थेत असा प्रश्न पडणे मी समजू शकतो. पण विद्यार्थी घरी होते तरी मदतकक्ष लॅबमध्ये होता. कोण लॉगिन झाले, कोण मध्येच गळाले, कुणाचा पेपर जमा झाला हे दाखवणारा पडदा लॅबमध्ये होता. घरून चालणाऱ्या परीक्षेचे डोळे आणि कान लॅबमध्येच होते.

६ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या, म्हणजे आयडॉलच्या, ऑनलाइन परीक्षेत लॉगिनच होईना. सायबर हल्ला झाल्याचे विद्यापीठाने सांगितले, पोलिसांत तक्रार झाली, पेपर पुढे गेले. त्या आठवड्यात सगळीकडे सर्व्हरचीच चर्चा होती. सर्व्हर दुसऱ्या राज्यात, भक्कम इमारतीत, दुहेरी विजेवर चालतो. त्याच्या अलीकडच्या टोकाला काय आहे, हे कुणी विचारले नाही.

पहाटे साडेचारच्या सुमारास

पुण्याकडून कळव्याला येणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली. पनवेल झोपेत होते. घरातला पंखाही अडखळला नाही. अडखळायला नकोच होता, कारण वीजजाळ्याची आखणीच अशी असते की कोणतीही एक वाहिनी किंवा एक रोहित्र गेले तरी ग्राहकाला कळू नये. उरलेल्या वाहिन्या भार वाटून घेतात. बाहेरून मुंबईला वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या मोजक्या वाटा कळवा आणि खारघर या दोन उपकेंद्रांवर येऊन मिळतात. यातले खारघर आमच्याच पनवेल महापालिकेच्या हद्दीत आहे. रोज कॉलेजला जाताना दुरून दिसणाऱ्या त्या मनोऱ्यांवर आपली परीक्षा लोंबकळते आहे, हे तोवर माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

अंधाराला साडेपाच तास होते.

सात वाजण्याच्या आधी

कळवा आणि पडघा या उपकेंद्रांना जोडणाऱ्या दोन वाहिन्यांपैकी एक बाहेर काढावी लागली. आता एकाऐवजी दोन वाटा बंद होत्या. ऑक्टोबरचा उकाडा, आठवड्याचा पहिला दिवस, कार्यालये हळूहळू उघडत असल्याने विजेची मागणी तासागणिक चढणारी. ‘एक गेली तरी चालेल’ हा नियम पहाटेच वापरून झाला होता. यापुढे जे काही जाईल त्याला पर्याय उरला नव्हता.

मला या सगळ्या दिवसात ही वेळ सर्वांत महत्त्वाची वाटते. दहा वाजता जे झाले ते दिसले. सातला जे झाले ते दिसले नाही, कारण दिवे चालूच होते. पर्यायी व्यवस्था एकेक करून संपत असते तेव्हा कामावर काहीच परिणाम होत नाही, आणि परिणाम होत नाही म्हणूनच कुणी मागणी कमी करत नाही, कुणी कुणाला फोन करत नाही. खरे तर सकाळी सातला शहराचा थोडा भार आपणहून कमी करायला हवा होता. त्यासाठी कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो, आणि दिवे चालू असताना ते बंद करण्याचा निर्णय घ्यायला फार मोठी छाती लागते.

साडेसात ते नऊ

लॅबमध्ये आम्ही तिघे. मी, एक लॅब असिस्टंट आणि शिपाई काका. दारात सॅनिटायझर, खुर्च्या एकाआड एक. दहाचा पेपर होता. मी याद्या पुन्हा तपासल्या. परीक्षेच्या पोर्टलवर ज्यांचा मोबाइल नंबर चुकीचा चढलेला असतो त्यांना ओटीपी येत नाही, म्हणून रोज सकाळी असे नंबर शोधून फोन करून दुरुस्त करावे लागत. आमची मुले पनवेल, उरण, पेण, कर्जत, खालापूर अशी पसरलेली. कित्येकांकडे घरात एकच स्मार्टफोन, तोही वडिलांचा, आणि वडील सकाळी कामावर जाताना तो घेऊन जाणारे. अशा मुलांसाठी शेजाऱ्याचा फोन ठरलेला असे. काही मुले मावशीकडे, कळंबोलीला किंवा कामोठ्याला, फक्त वायफायसाठी येऊन राहिली होती. त्यांची नावे मला पाठ झाली होती. एक्सेलच्या ओळींमागे कोण आहे हे या नोकरीत फार लवकर कळते.

पावणेनऊला काकांनी जनरेटर चालवून पाहिला. त्याला भार न देता पाच मिनिटे धडधडू दिला. चालू होतो, एवढे कळले. डिझेल किती तास पुरेल, आणि चालू झाल्यावर तो लॅबची लाइन उचलेल का, हे त्यातून कळत नाही. लाइन बदलायचा चेंजओव्हर स्विच तळमजल्यावर, हाताने फिरवायचा. लॅब दुसऱ्या मजल्यावर.

सीईटीच्या केंद्रांवर या वेळी पहिल्या सत्राचे विद्यार्थी संगणकासमोर बसले होते. एका बाबतीत तिथली रचना आमच्यापेक्षा शहाणी होती. केंद्रावरच्या संगणक परीक्षेत उत्तरे केंद्रातल्याच सर्व्हरवर साठत जातात. एखादे यंत्र बंद पडले तर विद्यार्थ्याला दुसऱ्यावर बसवता येते आणि उरलेला वेळ तसाच मिळतो. शिवाय जनरेटर असल्याशिवाय केंद्र मिळतच नाही. एक अट लेखी घातलेली होती, तेवढ्याने फरक पडला.

नऊ पन्नास

पडद्यावर हिरवे ठिपके वाढू लागले. लॉगिन झालेला प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक ठिपका. शेवटच्या दहा मिनिटांत फोन थांबत नाही. ओटीपी आला नाही, कॅमेरा उघडत नाही, पीआरएन चुकीचा दाखवतोय. असिस्टंट एका फोनवर, मी दोन फोनांवर.

दहाला दोन-तीन मिनिटे असताना

कळवा-पडघ्याची उरलेली दुसरी वाहिनीही गेली. सारा भार खारघरकडे येणाऱ्या वाटेवर लोटला. तिला तो पेलणे शक्य नव्हते.

दहा वाजता पेपर सुरू झाला. पहिल्या मिनिटात सगळे सुरळीत. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न. काकांनी चहा आणला.

दहा वाजून पाच ते दहा मिनिटे

कळवा आणि खारघर ही उपकेंद्रे एकापाठोपाठ बाहेर पडली. टाटा पॉवरने नंतर दिलेल्या निवेदनात वेळ १०.१० आहे, इतर नोंदींत पाचेक मिनिटांचा फरक आहे. मुंबईच्या जाळ्याची वारंवारता झपकन खाली आली. अशा वेळी शहराने राज्याच्या जाळ्यापासून आपणहून तुटून ट्रॉम्बे आणि डहाणू इथल्या केंद्रांच्या विजेवर एक बेट म्हणून तगून राहावे, अशी यंत्रणा मुंबईकडे कित्येक दशके आहे. पूर्वी अनेकदा तिने शहर वाचवले होते. त्या दिवशी ते बेट टिकले नाही. दोन हजार मेगावॅटहून जास्त भार काही मिनिटांत नाहीसा झाला.

लॅबमध्ये आधी पंख्यांचा आवाज थांबला. मग यूपीएसची शिट्टी सुरू झाली. पडदे चालू होते, म्हणजे बॅटऱ्या काहीतरी देत होत्या. काका तळमजल्याकडे पळाले. मी पडद्यावरून नजर काढली नाही. हिरवे ठिपके राखाडी होत होते. आधी एखाद-दुसरा, मग झुंडीने. घराघरातले राउटर बंद पडले होते. पाठोपाठ सगळ्यांनी मोबाइल डेटा चालू केला आणि टॉवरवर गर्दी झाली. टॉवरलाही वीज लागते, आणि बॅटऱ्या तिथेही असतात, माझ्याकडच्यासारख्याच.

काका चेंजओव्हरपर्यंत पोचायच्या आत आमचा यूपीएस बसला. लॅब काळी झाली. आता कुणाचा पेपर जमा झाला आहे आणि कोण अडकले आहे, हे सांगणारे काहीच आमच्याकडे उरले नाही.

सव्वादहा ते साडेदहा

फोन मात्र येत राहिले, जिथून लागत होते तिथून.

“सर, लाइट गेली. चोवीस प्रश्न झाले, पुढचे दिसतच नाहीत.”

“सर, रेंजच नाय आमच्याकडं. टाइम चालू आहे का थांबलाय?”

उत्तर असे होते की वेळ चालू होता. या पोर्टलवर घड्याळ सर्व्हरचे होते आणि विद्यार्थी जोडलेला असो वा नसो, ते धावत होते. घड्याळ थांबवण्याचा अधिकार आमच्या महाविद्यालयाला नव्हता. तो अग्रणी महाविद्यालयाला होता आणि प्रत्यक्ष बटण पोर्टल चालवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे. अग्रणी महाविद्यालयही अंधारात. तिथला फोन सतत व्यस्त. प्राचार्य सर लॅबमध्ये येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला विचारले, “काय सांगायचं मुलांना?”

त्या वीस मिनिटांचा विचार मी पुढे फार केला आहे. दहा वाजून दहा मिनिटांनी एका माणसाने ‘पेपर थांबला आहे, पुन्हा होईल, घाबरू नका’ असा एक एसएमएस पाठवला असता, तर शेकडो मुले गच्चीवर, रस्त्यावर, शेजारच्या इमारतीच्या जिन्यात रेंज शोधत धावली नसती. एक मुलगी पेपर देत देत खांदेश्वर स्टेशनपर्यंत चालत गेली होती, तिथे रेंज मिळेल या आशेने. तिचे सदतीस प्रश्न झाले. तेवढ्यात बॅटरी संपली. तो एसएमएस पाठवायला तंत्रज्ञान लागत नव्हते. ‘तुझ्या समोर ठिपके गेले तर तू थांबव’ असे कुणाला तरी आधी सांगून ठेवणे एवढेच लागत होते. ते कुणालाच सांगितलेले नव्हते. मलाही नाही, सरांनाही नाही.

साडेदहा ते पाऊण

काकांनी अखेर जनरेटर चालू करून लाइन बदलली. लॅब उजळली, पण इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे आमच्या भागातले यंत्र बंदच होते. वीज होती, जाळे नव्हते. जनरेटरचा उपयोग पंख्यापुरता.

१०.५५ ला हार्बर मार्गाला, म्हणजे पनवेलपर्यंतच्या लोकलला, वीज परत मिळाली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला १२.२६ पर्यंत थांबावे लागले. अदानीच्या डहाणू केंद्रातून मुंबईतल्या अत्यावश्यक सेवांना सुमारे ३८५ मेगावॅट वीज दिली जात होती. टाटा पॉवर ट्रॉम्बेबरोबरच आपल्या तीन जलविद्युत केंद्रांतून पुरवठा उभा करत होती. ही तीन केंद्रे म्हणजे खोपोली, भिवपुरी आणि भिरा, तिन्ही आमच्या रायगड जिल्ह्यातली, तिन्ही १९१५ ते १९२७ या काळात सुरू झालेली. कोळशाचा संच थंड पडला की त्याला पुन्हा उठायला बाहेरून वीज आणि काही तास लागतात. पाण्याचे चाक दार उघडले की फिरते. शंभर वर्षांपूर्वीच्या बांधणीने त्या दुपारी शहराला हात दिला, आणि तो देता आला कारण ती केंद्रे कुणी मोडीत काढली नव्हती.

दुपार

विद्यापीठाने त्या दिवसाच्या परीक्षा पुढे ढकलल्या. सीईटीला मुकलेल्यांना पुन्हा संधी मिळेल, असे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंत यांनी जाहीर केले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले. मुंबईच्या काही उपनगरांत वीज पूर्ण सुरळीत व्हायला संध्याकाळ झाली.

आमच्याकडे खरे काम आता सुरू झाले. कुणाची उत्तरे जमा झाली, कुणाची अर्धवट, कुणाचे लॉगिनच झाले नाही, अशा तीन याद्या करायच्या होत्या. ज्यांच्याकडे त्या तासात वीज होती आणि पेपर पूर्ण झाला, त्या मुलांनी विचारले की आम्ही पुन्हा का द्यायचा? प्रश्न रास्त होता. त्यांना एकेकाला फोन करून समजवावे लागले. संध्याकाळी सातपर्यंत मी आणि असिस्टंट फोनवर होतो. खांदेश्वरच्या मुलीने एकच विचारले, तिचे सदतीस प्रश्न कुठे गेले? मला ते माहीत नव्हते.

त्यानंतर

मार्च २०२१ मध्ये हा अंधार पुन्हा बातम्यांत आला. अमेरिकेतल्या एका सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालावरून चिनी हॅकरांचा संशय पुढे आला. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर सेलच्या प्राथमिक अहवालाचा हवाला दिला. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र या अंधाराचे कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. हॅकरांवर महिनाभर बोलले गेले. पहाटे एक वाहिनी, सातच्या आधी दुसरी, आणि दहापर्यंत भार तसाच, या साध्या क्रमावर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही बोलणे झाले नाही. मला या साध्या क्रमाचीच जास्त भीती वाटते. तो उद्याही घडू शकतो, आणि त्याला शत्रू लागत नाही.

आमच्या लॅबच्या बॅटऱ्या अंधाराच्या त्याच आठवड्यात बदलल्या गेल्या. चेंजओव्हर आजही हाताने फिरवायचाच आहे, असे तिथला असिस्टंट मध्यंतरी भेटला तेव्हा सांगत होता. आता बऱ्याच प्रवेश परीक्षा संगणकावर आहेत, आणि ज्या लॅबांवर त्या चालतात तिथली तांत्रिक पदे अनेक ठिकाणी रिकामी किंवा करारावर आहेत.

हे वाचणाऱ्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. या सत्रात एकदा, सगळी यंत्रे चालू असलेल्या भरल्या लॅबमध्ये, न सांगता मेन स्विच पाडा आणि घड्याळ लावून बसा. यूपीएस किती मिनिटे टिकला, जनरेटरने लाइन कितव्या मिनिटाला उचलली, इंटरनेट आले का, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. आणि ठिपके जाताना ज्याला पहिल्यांदा दिसतात, त्या लॅबमधल्या माणसाला पेपर थांबवण्याचा अधिकार लेखी द्या.